1969 ची कॅमेरो, एलएस3 इंजिन आणि सहा गिअर: काम कोणत्या क्रमाने करायचं, कुठे फसतं

प्रश्न थोडक्यात असा: मिशिगनमध्ये डेट्रॉइटजवळ राहणाऱ्या एका वाचकाने 1969 ची शेव्हरोले कॅमेरो घेतली आहे. मूळ 307 घनइंची व्ही-8, दोन गतींचा पॉवरग्लाइड ऑटोमॅटिक, चारही चाकांना ड्रम ब्रेक. पत्रा काही ठिकाणी गंजलेला. त्यात एलएस3 इंजिन (जनरल मोटर्सचं, म्हणजे जीएमचं, आधुनिक व्ही-8), सहा गतींचा मॅन्युअल गिअरबॉक्स, डिस्क ब्रेक आणि नवं सस्पेन्शन बसवायचं आहे. वापर उन्हाळ्यात रस्त्यावर, अधूनमधून ऑटोक्रॉस (शंकूंमधून वळणं घेत वेळेशी शर्यत). सुरुवात कुठून करू, कोणते भाग घेऊ, आणि पुढेमागे गाडी पुण्याला नेता येईल का?

आधी हे स्पष्ट सांगतो की इंजिन शेवटी विकत घ्या. बहुतेक जण उलटं करतात. चकचकीत क्रेट इंजिन (कारखान्यातून पेटीत येणारं तयार नवं इंजिन) गॅरेजात येऊन पडतं, त्याची वॉरंटी सुरू होऊन संपते, आणि गाडीचा पत्रा अजून उघडलेलाही नसतो. गाडी आधी ताठ झाली पाहिजे, मग वळली आणि थांबली पाहिजे. त्यानंतरच तिने पळावं.

हातात कटर घेण्यापूर्वी गाडी नक्की कोणती आहे याची खात्री करा. 1969 च्या व्हीआयएन (गाडीच्या ओळख) क्रमांकात 124 म्हणजे व्ही-8 कॅमेरो, 37 म्हणजे कूपे, 9 म्हणजे 1969, आणि पुढचं अक्षर एन असेल तर नॉरवूड (ओहायो), एल असेल तर व्हॅन नाइस (कॅलिफोर्निया) कारखाना. पण गाडी एसएस आहे की झेड/28 (कॅमेरोचे जास्त ताकदीचे, महागडे प्रकार), हे व्हीआयएन सांगत नाही. ते इंजिनच्या पुढच्या उजव्या अंगाला हेडखालच्या सपाट जागेवरचा शिक्का, मागच्या ॲक्सलवरचा कोड आणि फायरवॉलवरची पत्र्याची पट्टी यांचा मेळ घालून ठरवावं लागतं. 307 आणि पॉवरग्लाइडची साधी गाडी या कामासाठी उत्तमच, कारण त्या वर्षी 2,43,085 कॅमेरो बनल्या आणि त्यातल्या साध्या गाडीला हात लावल्याने इतिहासाचं नुकसान होत नाही. मात्र कोणी बदललेलं 307 इंजिन घालून मूळची झेड/28 विकली असेल तर ती कापणं म्हणजे स्वतःच्याच खिशाला कात्री. आणि व्हीआयएनची पट्टी कोणत्याही कारणाने काढू नका. अमेरिकेत तो फौजदारी गुन्हा ठरू शकतो, मग हेतू कितीही सरळ असो.

आता पत्रा. मिशिगनमध्ये हिवाळ्यात रस्त्यावर मीठ पडतं, त्यामुळे वरून बरी दिसणारी गाडी खालून पोखरलेली असते. या गाडीच्या गंजाच्या जागा ठरलेल्या आहेत. पुढच्या काचेखालचा काउल (हवा आत घेणारी पत्र्याची पोकळी) आणि काचेचे खालचे दोन कोपरे, मागच्या काचेची खाच, डिकीच्या तळाचे दोन्ही बाजूंचे खोलगट भाग, मागच्या चाकांच्या कमानी, पायाखालची जमीन, आणि सबफ्रेम (पुढची वेगळी चौकट) जिथे बॉडीला बोल्टने लागते त्या जागा. काउल सर्वांत फसवा. वरच्या जाळीतून बादलीभर पाणी ओता आणि ड्रायव्हरच्या पायाशी हात लावून पाहा. ओल आली तर काउल उघडावाच लागेल, म्हणजे काच, डॅशबोर्ड आणि पुढची मडगार्डं सगळी उतरणार. रंग झाल्यावर हे लक्षात आलं तर रंगाचे पैसे पाण्यात. विचारणा करताना बहुतेक लोक इंजिनच्या किमतीत गुंतलेले असतात, पण बजेट मोडतं ते पत्र्याच्या कामाने.

पहिल्या पिढीच्या कॅमेरोची रचना समजून घेतली तर पुढचे निर्णय सोपे होतात. गाडीचा मागचा भाग एकसंध बॉडीचा, पुढे मात्र वेगळी सबफ्रेम, जी रबरी गाद्यांवर बॉडीला बोल्ट केलेली असते. इंजिन, स्टीअरिंग आणि पुढचं सस्पेन्शन या सबफ्रेमवर, मागचे पाटे (पोलादी पात्यांच्या स्प्रिंगा) बॉडीवर, आणि दोन्हींना जोडतो फक्त मधला पातळ पत्रा. 430 अश्वशक्तीच्या इंजिनने हा पत्रा पिळवटतो. म्हणून दोन गोष्टी आधी करा: सबफ्रेम कनेक्टर (सबफ्रेम आणि मागची बॉडी जोडणारे पोलादी दांडे) वेल्ड करून घ्या, आणि सबफ्रेमच्या गाद्या बदला. गाद्या ॲल्युमिनियमच्या घ्यायच्या तर सगळ्या ॲल्युमिनियमच्या. अर्ध्या रबराच्या आणि अर्ध्या धातूच्या ठेवल्या तर सारा ताण धातूच्या गाद्यांवर येतो आणि त्यांच्या आसपासचा पत्रा तडकतो. सबफ्रेम परत बसवताना सबफ्रेम आणि बॉडीतल्या जुळणीच्या भोकांतून दोन्ही बाजूंना एकाच जाडीची सळई घाला आणि मगच बोल्ट आवळा. सळई न घालता आवळलं तर पुढची चाकं मागच्यांशी समांतर राहत नाहीत, आणि पुढे महागातला महाग अलाइनमेंटवालाही ते दुरुस्त करू शकत नाही. कनेक्टर वेल्ड करताना गाडी चाकांवर, म्हणजे स्वतःच्या वजनावर उभी असावी. दोन जॅकस्टॅन्डवर लोंबकळलेल्या गाडीला वेल्ड केलं की तो वाकडेपणा कायमचा कोंडला जातो, आणि दारं लागेनाशी होतात.

सस्पेन्शनमध्ये दोन वाटा आहेत. पूर्ण नवी सबफ्रेम (डेट्रॉइट स्पीड, स्पीडटेक अशा कंपन्यांच्या मिळतात) किंवा मूळ सबफ्रेमवर नव्या आर्म (चाक धरणारे दांडे), नवे स्पिंडल (चाक ज्यावर फिरतं तो भाग) आणि कॉइलओव्हर (स्प्रिंग आणि शॉक एकत्र). तुमच्या वापराला दुसरी वाट पुरेशी आहे. मूळ भूमितीचा दोष असा, की गाडी वळणात झुकली की बाहेरच्या चाकाचा वरचा भाग बाहेर कलतो, आतल्या बाजूला कलायला हवा असताना. साठच्या दशकातल्या अरुंद बायस-प्लाय टायरला ते फारसं बाधत नव्हतं, आजच्या रेडियलला बाधतं. उंच बॉल जॉइंट किंवा उंच स्पिंडल घातले की वरची आर्म योग्य कोनात येते आणि गाडी झुकताना चाक आत कलायला लागतं. नव्या आर्ममध्ये जास्त कास्टर (स्टीअरिंगच्या अक्षाचा मागे कल) आधीच दिलेला असतो. अलाइनमेंट करताना पुस्तकातले 1969 चे आकडे विसरा, त्या काळी कास्टर शून्याच्या आसपासच असायचा. आज 5 ते 6 अंश धन कास्टर, अर्धा ते एक अंश ऋण कॅम्बर (चाकाचा वरचा भाग आत कललेला) आणि एकूण 1/16 ते 1/8 इंच टो-इन (चाकांची पुढची बाजू किंचित आत) द्या. ऑटोक्रॉसला जाताना कॅम्बर थोडा वाढवू शकता, पण मग आतल्या कडेला टायर झिजणार हे गृहीत धरा. स्टीअरिंगचा मूळ बॉक्स संथ आहे. 12.7:1 प्रमाणाचा नंतरच्या गाड्यांचा बॉक्स थेट बसतो आणि गाडीचा स्वभावच बदलतो. या सगळ्या कामात पैशाच्या मानाने सर्वांत मोठा फरक याच भागाने पडतो असं माझं मत आहे.

मागे पाटे ठेवायचे की चार लिंकची (ॲक्सल चार दांड्यांनी धरणारी) जोडणी करायची? तुमच्या गाडीत बहुधा एकच पाता असलेला पाटा असेल. जोर आला की तो एसच्या आकारात वळतो आणि ॲक्सल उड्या मारतं. 1968 पासून कारखान्याने एक शॉक ॲक्सलच्या पुढे आणि एक मागे बसवायला सुरुवात केली ती याच उड्यांमुळे, पण त्याने दुखणं पूर्ण गेलं नाही. अनेक पात्यांचे नवे पाटे, चांगले शॉक आणि पुढच्या टोकाला टणक बुश एवढ्यावर रस्त्याची गाडी सुरेख चालते. चार लिंकला डिकीचा पत्रा कापावा लागतो. नियमित ट्रॅकवर जाणार नसाल तर तो खर्च ब्रेककडे वळवा.

ॲक्सलची गोष्ट मात्र निकडीची आहे. मूळचा 8.2 इंची दहा बोल्टचा ॲक्सल एलएस3 आणि चिकट टायरपुढे टिकत नाही. आज ना उद्या पिनियनचे (ॲक्सलमधल्या लहान गिअरचे) दात किंवा कॅरिअर (मोठा गिअर धरणारा भाग) जातं. फोर्डचा 9 इंची किंवा जीएमचा 12 बोल्टचा, दोन्ही चालतील. शेव्हरोलेच्या पोटात फोर्डचा ॲक्सल बघून काही जण नाक मुरडतात, ते सोडून द्या. 31 स्प्लाइनचे (खाचांचे) शाफ्ट आणि लिमिटेड स्लिप (एकच चाक रिकामं फिरू न देणारा डिफरन्शियल) घ्या.

गिअरचं प्रमाण ठरवताना आकडा मांडून बघा, अंदाजाने घेऊ नका. मागे 275/35-18 टायर असेल तर व्यास सुमारे 25.6 इंच. ताशी मैल गुणिले ॲक्सलचं प्रमाण गुणिले वरच्या गिअरचं प्रमाण गुणिले 336, भागिले टायरचा व्यास, म्हणजे इंजिनचे फेरे. 3.73 चा ॲक्सल आणि 0.63 चा सहावा गिअर धरला तर 70 मैल वेगाला सुमारे 2,160 फेरे येतात. तीच गाडी जुन्या चार गतींच्या बॉक्सने 1.00 वर चालवली असती तर फेरे 3,430 च्या घरात गेले असते, म्हणजे हायवेवर शेजारच्याशी बोलणंही अशक्य. ट्रेमेकचा टी-56 मॅग्नम दोन प्रमाणांत मिळतो: पहिला गिअर 2.66 आणि सहावा 0.63, किंवा पहिला 2.97 आणि सहावा 0.50. दुसऱ्या प्रकारात 3.73 वर 70 मैलाला फक्त 1,710 फेरे उरतात. साध्या कॅमशाफ्टच्या इंजिनला ते जमतं, पण गरम कॅम (जास्त फेऱ्यांवर जास्त ताकद देणारा कॅमशाफ्ट) घातला तर इंजिन त्या फेऱ्यांना अडखळतं. मी तुम्हाला 2.66 चा बॉक्स आणि 3.73 सुचवेन.

मॅग्नम आणखी एका बाबतीत त्रास देतो. तो मोठा आहे. पहिल्या पिढीच्या कॅमेरोच्या जमिनीतला बोगदा त्याला पुरत नाही, कापून उंच करून परत वेल्ड करावा लागतो, आणि मधल्या कन्सोलची उंचीही मग जुळवावी लागते. हे नको असेल तर ट्रेमेकचा टीकेएक्स पाच गतींचा बॉक्स बघा. तो 600 पाउंड-फूट टॉर्कला (फिरवण्याच्या जोराला) मानांकित आहे, मॅग्नमचं मानांकन 700 आहे, आणि एलएस3 देतं 425. म्हणजे टीकेएक्सही सहज पुरतो आणि जमिनीची कापाकापी जवळजवळ वाचते. सहाव्या गिअरचा आग्रह फक्त सांगण्यापुरता असेल तर जरा थांबून विचार करा.

गिअरबॉक्स कोणताही घ्या, बेलहाउसिंगची (इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामधल्या क्लचच्या कवचाची) मध्यरेषा मोजल्याशिवाय तो लावू नका. फ्लायव्हीलला डायल इंडिकेटर (सूक्ष्म माप दाखवणारा काटा) लावून बेलहाउसिंगच्या मधल्या भोकाभोवती फिरवा. एकूण वाचन 0.005 इंचाच्या आत हवं. 0.012 आलं तर प्रत्यक्ष सरकलेपण त्याच्या निम्मं, म्हणजे 0.006 इंच असतं, आणि 0.007 च्या ऑफसेट डॉवेल पिन (मध्य सरकवलेल्या जुळणीच्या खुंट्या) घालून ते दुरुस्त होतं. हे काम दुपारभराचं आहे. टाळलं तर क्लच दाबूनही गिअर कचकचतो, तिसरा-चौथा अडतो, आणि काही हजार मैलांत इनपुट बेअरिंग आवाज करायला लागतं. मग लोक गिअरबॉक्सला दोष देतात. हायड्रॉलिक रिलीज बेअरिंग आणि क्लचच्या बोटांमधलं अंतर क्लचवाल्या कंपनीने जेवढं सांगितलं असेल तेवढंच शिमने ठेवा. अंतर नसेल तर क्लच झिजल्यावर घसरतो, जास्त असेल तर पूर्ण सुटत नाही. फ्लायव्हीलचे सहा बोल्ट नवे घ्या आणि तीन टप्प्यांत 15, 37, 74 पाउंड-फूट असे आवळा.

ड्राइव्हशाफ्टचे कोन हा थरथरीचा दुसरा उगम. गिअरबॉक्सची शेपटी 3 अंश खाली आणि शाफ्ट 1 अंश खाली असेल तर पुढच्या जॉइंटचा काम करणारा कोन 2 अंश होतो. मागच्या जॉइंटचाही तेवढाच आणि उलट्या दिशेचा हवा, म्हणजे पिनियन आणि गिअरबॉक्सची रेषा समांतर. पाट्यांच्या गाडीत जोर दिल्यावर पिनियनचं नाक वर उचललं जातं, म्हणून उभ्या गाडीत ते समांतरपेक्षा 1 ते 2 अंश खाली ठेवतात. दोन्ही कोन 3 अंशांच्या आत असावेत, पण शून्यही नको, कारण कोनच नसेल तर सुईबेअरिंग फिरत नाहीत आणि एकाच जागी खड्डे पाडतात. हे माप गाडी चाकांवर उभी असताना, टाकी भरलेली असताना घ्या. शाफ्टची लांबीही तेव्हाच मोजा. स्लिप योक (गिअरबॉक्समध्ये सरकणारं शाफ्टचं पुढचं टोक) पूर्ण आत ढकला, मग साधारण इंचभर बाहेर ओढा आणि त्या मापाने शाफ्ट कापून घ्या.

ब्रेककडे येऊ. 13 इंची डिस्कचे संच विलवूड, बेअर यांच्याकडे तयार मिळतात. 14 इंची डिस्क घ्यायची तर चाक 18 इंच लागेल. पुढे 8 इंच रुंद चाकावर 245/40-18 आणि मागे 9.5 इंचावर 275/35-18 बसतं, पण मागच्या मडगार्डची आतली किनार दुमडावी लागते आणि चाकाचा ऑफसेट प्रत्यक्ष मोजूनच मागवावा लागतो. दुसऱ्याच्या गाडीचे आकडे उचलू नका, ॲक्सलची रुंदी बदलली की सगळं बदलतं.

सगळ्यात जास्त चूक मास्टर सिलिंडरच्या (पॅडलचा जोर ब्रेकच्या तेलाच्या दाबात बदलणाऱ्या भागाच्या) व्यासात होते. समजा बूस्टर (पायाचा जोर वाढवणारा भाग) नाही, पायाचा जोर 70 पाउंड आणि पॅडलचं प्रमाण 6:1. म्हणजे दांड्यावर 420 पाउंड. 7/8 इंची सिलिंडरचं क्षेत्रफळ 0.60 चौरस इंच, दाब सुमारे 700 पीएसआय (पाउंड प्रति चौरस इंच). तोच पाय 1-1/8 इंची सिलिंडरवर दिला तर क्षेत्रफळ 0.99, दाब 420 पीएसआयवर येतो. "एवढे मोठे ब्रेक लावले तरी गाडी थांबत नाही, पॅडल दगडासारखं आहे" ही तक्रार निम्म्या वेळा इथून येते. बूस्टर लावणार असाल तर पॅडलचं प्रमाण 4:1 च्या आसपास हवं आणि तिथे 1 किंवा 1-1/8 इंची सिलिंडर ठीक. मूळ पॅडलवर दांड्यासाठी दोन भोकं असतात, वरचं बिनबूस्टरचं आणि खालचं बूस्टरचं. बूस्टर काढला आणि दांडा जुन्याच भोकात राहिला, असंही होतं. बूस्टरला साधारण 18 इंच पाऱ्याइतकी पोकळी लागते. साध्या कॅमच्या एलएस3 मध्ये ती मिळते. गरम कॅमचं इंजिन घेतलं तर आयडलला (उभ्या गाडीतल्या किमान फेऱ्यांना) पोकळी कमी पडते, तेव्हा पॉवर स्टीअरिंगच्या तेलावर चालणारा हायड्रोबूस्ट लावा. मागच्या चाकांसाठी दाब कमी-जास्त करणारा व्हॉल्व्ह घाला. ड्रमच्या काळातला 10 पीएसआयचा रेसिड्युअल व्हॉल्व्ह (नळीत थोडा दाब राखणारा) लाइनमध्ये राहिला तर डिस्कचे पॅड सतत घासत राहतात, तो शोधून काढून टाका.

इंजिन. एलएस3 म्हणजे 6.2 लिटर, 376 घनइंच, ॲल्युमिनियमचा ब्लॉक, 10.7:1 कॉम्प्रेशन. क्रेटमधलं साधं 430 अश्वशक्ती देतं, गरम कॅमचं एलएस376/480 हे 495 देतं. तुमच्या वापराला साधंच घ्या. जुन्या लोखंडी इंजिनपेक्षा नाकावरचं वजन बरंच कमी होतं, आणि याचा फायदा वळणात त्या जादा 65 अश्वशक्तीपेक्षा जास्त जाणवतो. पेट्रोल मात्र प्रीमियमच.

बसवताना चार ठिकाणी अडतं. इंजिनचे माउंट वेगळे आहेत, जुन्या ब्लॉकला तीन बोल्ट, याला चार. मधल्या जोडपट्ट्या मिळतात आणि त्यात इंजिन पुढे-मागे सरकवायची सोय असते. बोनेट, फायरवॉल, ऑइल पॅन आणि गिअरबॉक्सचा दांडा बोगद्यातून कुठे वर येतो, हे चारही जुळवून मगच जागा ठरवा. ट्रकचं ऑइल पॅन खोल असल्याने चालत नाही. होली किंवा शेव्हरोले परफॉर्मन्सचं जुन्या गाड्यांसाठी बनवलेलं पॅन घ्या, आणि चाकं दोन्ही टोकांना पूर्ण वळवून स्टीअरिंगची मधली कडी पॅनला लागत नाही ना ते हाताने तपासा. तिसरी गोष्ट पुढच्या पट्ट्याची. एसीचा कॉम्प्रेसर कारखान्याच्या जागी, खाली उजवीकडे ठेवला तर सबफ्रेमला लागतो. सबफ्रेमला खाच पाडण्यापेक्षा वर बसणारा ब्रॅकेट संच घ्या. पण कॉर्व्हेट, कॅमेरो आणि ट्रक यांच्या पुल्यांची अंतरं वेगळी असतात, क्रँकचा डॅम्पर (पुढची मुख्य पुली) ज्या जातीचा त्याच जातीच्या बाकीच्या पुल्या हव्यात. चौथं, हेडर (इंजिनमधून धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांचा संच). 1-3/4 इंची नळ्यांचे, याच गाडीसाठी बनवलेले घ्या, नाहीतर स्टीअरिंग बॉक्सशी भांडण ठरलेलं.

एलएसच्या थंड करण्याच्या व्यवस्थेत जुन्या इंजिनचं ज्ञान आडवं येतं. हेडच्या पुढच्या कोपऱ्यांतून एक बारीक नळी निघते, ती वाफेची वाट. ती रेडिएटरच्या वरच्या भागाला किंवा सर्ज टाकीला (कूलंटच्या जादा टाकीला) जोडायचीच असते. "बारीक आहे, बंद करून टाकू" असं केलं की हेडमध्ये वाफेचा बुडबुडा अडकतो. काटा 200 अंश फॅरनहाइट दाखवत राहतो आणि आत हेड गॅस्केट भाजत असतं, कारण सेन्सर वाफेत उघडा पडलेला असतो. दुसरं, थर्मोस्टॅट पंपाच्या आत येणाऱ्या बाजूला आहे, आणि तो हीटरच्या वाटेने फिरणाऱ्या गरम पाण्यावर उघडतो. हीटर नसेल तर त्या दोन तोंडांना बूच लावू नका, एका होजने एकमेकांना जोडा. पाणी भरताना गाडीचं नाक उंच ठेवा. मिशिगनच्या थंडीसाठी कूलंट निम्मं-निम्मं ठेवा, नुसत्या पाण्याने ब्लॉक फुटेल.

पेट्रोलचा दाब 58 पीएसआय लागतो. जुन्या टाकीतून बाहेरच्या पंपाने तो मिळतो, पण टाकीत अडसर पत्रे नसल्याने लांब वळणात पेट्रोल एका बाजूला जातं, पंप हवा ओढतो आणि इंजिन नेमकं वळणाच्या मध्यावर लंगडतं. ऑटोक्रॉसला जाणार आहात, तेव्हा आत पंप आणि अडसर असलेली नवी टाकीच घ्या. ताशी 255 लिटरचा पंप पुरतो. कॉर्व्हेटचा फिल्टर, ज्यात 58 पीएसआयचा रेग्युलेटर बसवलेलाच असतो, टाकीजवळ लावला की तिथूनच परतीची नळी टाकीत जाते आणि इंजिनपर्यंत एकच नळी न्यावी लागते. पुढे 3/8 इंची, परतीला 5/16.

वायरिंगला घाई करू नका. 57 वर्षांपूर्वीच्या तारा तशाच ठेवून त्यावर इंजिनचा संगणक जोडणं हा शुद्ध वेडेपणा, गाडीचं पूर्ण नवं हार्नेस (तारांचा जुडगा) घ्या आणि इंजिनचं जीएमचं कंट्रोलर किट वेगळं. थ्रॉटल इलेक्ट्रॉनिक आहे, म्हणून पॅडल किटमध्ये आलं असेल तेच वापरा, दुसऱ्या मॉडेलचं पॅडल संगणक ओळखत नाही. किल्लीवरून येणारी 12 व्होल्टची तार स्टार्टर फिरतानाही जिवंत असली पाहिजे. जुन्या किल्लीच्या स्विचवर काही टोकं स्टार्टच्या वेळी बंद होतात, आणि मग "स्टार्टर फिरतो, किल्ली सोडली की एकदाच धडकतं" असा विचित्र प्रकार दिसतो. अर्थिंग तीन ठिकाणी हवं: बॅटरी ते ब्लॉक, ब्लॉक ते सबफ्रेम, आणि हेडच्या मागून बॉडीला. सबफ्रेम रबरी गाद्यांवर असेल तर ती बॉडीपासून विजेच्या दृष्टीने अलग असते, हे कोणाच्या लक्षात येत नाही. आरपीएमचा काटा निम्मा दाखवत असेल तर तो चार सिलिंडरच्या सेटिंगवर ठेवा, एलएसचा संगणक तसाच इशारा देतो.

हवेचा सेन्सर थ्रॉटलपासून किमान 10 इंच दूर, सरळ नळीत लावा. वळणाला चिकटवला तर आयडल हेलकावे खातं. ऑक्सिजन सेन्सर कलेक्टरजवळ, पण नळीच्या आडव्या मध्यरेषेच्या वरच्या बाजूला, म्हणजे थंडीत जमलेलं पाणी त्यात साचत नाही. सेन्सरच्या आधी हेडरची गॅस्केट जराही गळत असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते, संगणकाला वाटतं मिश्रण पातळ आहे, आणि तो पेट्रोल वाढवत बसतो. स्पार्क प्लग काळे दिसले की ट्यूनिंगवाल्याकडे जाण्याआधी ही गळती शोधा.

रंग या सगळ्यानंतर. आधी इंजिन, गिअरबॉक्स, एक्झॉस्ट, चाकं, सगळं रंगहीन पत्र्यावर जुळवा, जमलं तर तशीच थोडी चालवा, मग पूर्ण उतरवून रंगाला पाठवा. उलट केलंत तर बोगदा कापताना उडालेल्या ठिणग्या नव्या रंगावर बसतील.

पहिल्यांदा चालू करताना एक फरक ध्यानात ठेवा. जुन्या इंजिनमध्ये डिस्ट्रिब्युटर काढून ड्रिलने ऑइल पंप फिरवता यायचा. एलएसमध्ये डिस्ट्रिब्युटरच नाही, पंप क्रँकवर आहे. म्हणून ब्लॉकवरच्या ऑइल पोर्टमधून दाबाच्या डब्याने तेल आत ढकला, किंवा इंजेक्टर आणि कॉइलचे फ्यूज काढून, स्पार्क प्लग काढून, दाब दिसेपर्यंत स्टार्टर थोडा-थोडा फिरवा. लिफ्टर (कॅमवर चालून व्हॉल्व्ह उघडणारे भाग) रोलर प्रकारचे आहेत, त्यामुळे जुन्या इंजिनासारखी 2,000 फेऱ्यांवर वीस मिनिटं ताटकळायची गरज नाही. चालू झाल्यावर पहिली दहा मिनिटं गळती, तेलाचा दाब आणि दोन्ही पंखे वेळेवर लागतात का, एवढंच बघा. नव्या क्राउन-पिनियनला मात्र लाड हवेत. 10-15 मैल हळू चालवून पूर्ण थंड होऊ द्या, पहिले 500 मैल जोर नको, मग तेल बदला. त्याच सुमारास हेडरचे, सबफ्रेमचे आणि पाट्यांच्या यू-बोल्टचे नट परत आवळा. यू-बोल्ट हमखास सैल झालेले सापडतात.

पुण्याचा प्रश्न राहिला. भारतात जुलै 2021 च्या नियमांनुसार 50 वर्षांपेक्षा जुनी गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, पण ती मूळ स्वरूपात असावी लागते आणि चॅसी, बॉडी किंवा इंजिनमध्ये मोठे बदल झालेले चालत नाहीत. एलएस3 घातलेली कॅमेरो त्या व्याख्येत बसत नाही. साध्या नोंदणीच्या वाटेनेही इंजिन आणि रचना बदललेली गाडी मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 मध्ये अडते, आणि सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये त्या कलमाचा अर्थ कडकच लावला आहे. गाडी भारतात न्यायचा विचार खरोखर असेल तर ही गाडी 307 आणि पॉवरग्लाइडसह तशीच नीट करा, आणि एलएस3 साठी दुसरी बॉडी शोधा. मिशिगनमध्ये अडचण नाही, तिथे गाड्यांची नियमित प्रदूषण तपासणी होत नाही. पुढे कॅलिफोर्नियात राहायला गेलात तरी 1975 आणि त्याआधीच्या मॉडेलना तिथल्या तपासणीतून सूट आहे.